भूक नाही, म्हणजे नेमकं काय नाही? कोरियन वैद्यकातली पोटाची तपासणी आणि भुकेचे हार्मोन

जेवण जात नसेल, तर कोरियन माणूस ते तीन-चार वेगळ्या शब्दांत सांगतो. "इम्मात नाही" म्हणाला, तर तोंडाची चव गेलेली असते. "बाम्मात नाही" म्हणाला, तर पुढ्यातला भातच नकोसा झालेला असतो. "छे झालंय" म्हणाला, तर खाल्लेलं छातीखाली अडकून बसलेलं असतं, आणि घरातलं कुणीतरी लगेच त्याच्या अंगठ्या-तर्जनीच्या बेचक्यात जोरात दाबायला लागतं. "शिग्योक नाही" हा मात्र दवाखान्यातला शब्द.

आपल्याकडेही असंच आहे. तोंडाला चव नाही, भूक मेली, अन्नावरची वासना उडाली, पोट डब्ब झालंय, खा-खा सुटलीय. पाच तक्रारी, आणि पाचही वेगळ्या बिघाडाच्या. डॉक्टरांसमोर बसलं की मात्र या सगळ्यांचं "भूक लागत नाही" एवढंच होऊन जातं आणि निदानाला लागणारी निम्मी माहिती तिथेच सांडते. कोरियन पारंपरिक वैद्यकाची खरी ताकद हे शब्द सांडू न देण्यात आहे. भूक म्हणजे एक गोष्ट नव्हे, हे त्या वैद्यांनी फार आधी ओळखलं होतं. गेल्या शंभर वर्षांत पोटातले हार्मोन एकामागून एक सापडत गेले, आणि भुकेचे संदेश खरोखरच अनेक आहेत हे प्रयोगशाळेतही दिसलं. दोन्हीकडची चित्रं काही जागी जुळतात आणि काही जागी अजिबात जुळत नाहीत. कुठे काय होतं, ते नीट पाहू.

आधी व्यवस्था कशी आहे ते थोडक्यात. दक्षिण कोरियात १९५१च्या कायद्यापासून वैद्यकाचे दोन स्वतंत्र परवाने आहेत. आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर तो उइसा आणि पारंपरिक वैद्यकाचा डॉक्टर तो हानुइसा. हानुइसा होण्यासाठीही सहा वर्षांचा विद्यापीठातला अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय परीक्षा असते. या वैद्यकाचा मोठा आधारग्रंथ म्हणजे राजवैद्य हॉ जुन यांचा 'तोंगुइबोगाम'. तो १६१० साली पूर्ण झाला, १६१३ साली छापला गेला आणि २००९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला. चीनमधून आलेलं बरंच ज्ञान त्यात आहे, पण मांडणी आणि निवड कोरियाची आहे.

बी आणि वी

पचनासाठी या वैद्यकात एक जोडशब्द आहे, बी-वी. वी म्हणजे जठर. बी म्हणजे शब्दशः प्लीहा, पण शवविच्छेदनात दिसणारी प्लीहा इथे डोळ्यांसमोर आणू नये. ती रक्तपेशींचं काम करते. कोरियन वैद्यकातली बी म्हणजे अन्नातून शक्ती काढून ती अंगभर पोचवणारं काम. वीचा ओघ खाली जायला हवा आणि बीचा वर. वीचा ओघ उलटा फिरला की ढेकर, मळमळ, उलटी होते. बीचा ओघ खाली घसरला की पातळ शौच, जेवणानंतर गळून जाणं, पोट ओढल्यासारखं वाटणं सुरू होतं. रोजच्या कोरियन बोलण्यातही हा शब्द इतका मुरलाय की किळस आली तर माणूस "बी-वी दुखावली" म्हणतो आणि कुणाची मर्जी सांभाळणं म्हणजे त्याची "बी-वी सांभाळणं".

भुकेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची तपासणी चार अंगांनी होते: पाहणं, ऐकणं आणि वास घेणं, विचारणं, स्पर्श करणं. यातल्या मधल्या दोन्हींना कोरियनमध्ये मुनजिनच म्हणतात. उच्चार एक, मूळ चिनी अक्षरं वेगळी. भुकेच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या मुनजिनवर, म्हणजे विचारण्यावर, जायला हवा.

प्रश्न साधारण असे असतात. जेवणाची वेळ झाली की पोटात काही जाणवतं का? जाणवत असेल, तर खायची इच्छाही होते का? पहिल्या घासाला चव लागते का? नेहमीच्या किती वाटी भातावर हात थांबतो? तो पोट भरल्यामुळे थांबतो की नको वाटलं म्हणून? जेवल्यावर अर्ध्या तासाने कसं वाटतं आणि तीन तासांनी कसं? झोप येते का? जेवणानंतर येणाऱ्या या गुंगीला कोरियनमध्ये शिगोन्जुंग असा वेगळा शब्दच आहे. ढेकर येते का, आणि आली तर तिला आंबूस वास असतो का? गरम प्यावंसं वाटतं की गार?

हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतील, पण उत्तरं एकमेकांवर ठेवली की चित्र उठायला लागतं. तोंगुइबोगाममध्ये 'नेसांग', म्हणजे आतून झालेली इजा, या प्रकरणात दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढल्या आहेत. एक इजा खाण्याने झालेली, दुसरी कष्टाने आणि थकव्याने झालेली. दोघांनाही जेवण जात नाही. पण ज्याला खाण्याने इजा झाली, त्याला अन्नाचा वासही सहन होत नाही. थकलेल्या माणसाला वासाचं काही वाटत नाही, समोर आलं तर तो दोन घास खातो, पण मनातून ओढ नसते. एकाला उपाशी ठेवायचं असतं आणि दुसऱ्याला थोडं थोडं भरवायचं असतं. फरक ओळखायला चुकलं, तर उपचारच उलटा पडतो.

हाताखाली काय लागतं

स्पर्शाच्या तपासणीत नाडी आणि पोट दोन्ही येतात. मनगटावर तीन बोटांखाली तीन जागा वाचतात. उजव्या हाताच्या मधल्या जागेचा संबंध बी-वीशी जोडलेला आहे. अंगठ्याच्या बाजूचं मनगटाचं हाड जिथे वर येतं, तिथे मधलं बोट पडतं. अन्न साचलेल्या माणसात ही नाडी घरंगळणाऱ्या मण्यांसारखी लागते, असं वर्णन आहे. ही बारीक कला आहे आणि दोन वैद्यांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून नाडीवर एकटीवर निदान उभं करू नये.

पोटाची तपासणी, म्हणजे पोकजिन, त्या मानाने समजायला सोपी. रुग्ण पाठीवर झोपतो. पोट ताणलेलं असेल तर गुडघे उभे करायला सांगतात, म्हणजे स्नायू सैल पडतात. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्यातलं अंतर आठ 'छोन' मानतात. छोन हे रुग्णाच्या स्वतःच्या अंगाचं माप आहे, त्यामुळे उंच आणि ठेंगण्या माणसात ते आपोआप कमी-जास्त होतं. त्या अंतराच्या बरोबर मध्यावर, बेंबीपासून चार छोनवर, चुंगवान नावाचा बिंदू येतो. याच्या खाली जठर असतं.

वैद्य आधी तळहाताने ऊब बघतो. पोट गार लागतं का, आणि गार असेल तर बेंबीच्या वर की खाली? मग बोटांची पेरं सपाट ठेवून श्वास सोडताना हळूहळू दाबतो. टोकं रुतवली तर धडधाकट माणूसही अंग आक्रसून घेतो आणि तपासणी वाया जाते. दाबल्यावर दुखत असेल आणि रुग्ण हात बाजूला सारत असेल, तर काहीतरी साचलेलं आहे असं धरतात. दाबल्यावर उलट बरं वाटत असेल, तर ती उणीव. पोटावर हलकेच टिचक्या मारल्या की जठराच्या जागी पाणी भरलेल्या पखालीसारखा खळखळ आवाज येतो का, हेही पाहतात. जेवून पाच-सहा तास झाले तरी तो आवाज येत असेल, तर जठर वेळेवर रिकामं होत नाही, असा अंदाज बांधता येतो. या आवाजाची तपासणी आधुनिक वैद्यकातही आहे.

जिभेचं सांगायचं, तर साय जाड आणि पांढरी असेल तर साचलेलं किंवा ओलसर, पिवळी आणि जाड असेल तर उष्णता, साय निघून जीभ लाल-गुळगुळीत झाली असेल तर कोरडेपणा, आणि कडांवर दातांचे ठसे असतील तर बीची दुर्बलता. तपासणीच्या दिवशी सकाळी जीभ घासून किंवा कॉफी पिऊन गेलात, तर वैद्याला तुमच्याऐवजी ब्रशचं आणि कॉफीचं निदान करावं लागतं. जिना चढून लगेच नाडी दाखवली, तरी तसंच. दहा मिनिटं शांत बसून मग हात पुढे करावा.

पाच ठेवणी

या सगळ्यातून एक ठेवण, म्हणजे लक्षणांचा एकत्र नमुना, बांधली जाते. भुकेच्या तक्रारीत सारखी भेटणारी पहिली ठेवण म्हणजे बीची दुर्बलता. भूक जाणवत नाही, चार घासांत पोट भरतं, जेवल्यावर अंग गळतं, शौच सैल होतं. दुसरी शिकजॉक, म्हणजे साचलेलं अन्न. वास नको, आंबूस ढेकर, पोट गच्च, जिभेवर जाड थर. तिसरी जठराची उष्णता. खाऊन तासाभरात पुन्हा भूक, तहान, तोंडाला वास, बद्धकोष्ठ. चौथी यापेक्षा नाजूक आहे, जठराचा कोरडेपणा. यात पोटात भूक जाणवते, पण खायची इच्छा होत नाही, तोंड कोरडं पडतं. वृद्धांमध्ये आणि लांबलेल्या तापानंतर ती दिसते. पाचवी मनाच्या कोंडमाऱ्याची. बरगड्यांखाली ताण, वारंवार उसासे, आणि भूक आज आहे तर उद्या नाही.

मराठी वाचकाला इथे मंदाग्नी, तीक्ष्णाग्नी, विषमाग्नी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. साम्य खरंच आहे. पण एकाचं भाषांतर दुसऱ्यात करू नये. आयुर्वेदात मोजमाप अग्नीचं आहे. कोरियन पद्धतीत अन्न पुढे सरकतं की नाही, त्याची दिशा काय, याला बरोबरीचं वजन आहे.

कोरियाची स्वतःची अशी आणखी एक भर आहे, सासांग, म्हणजे चार प्रकृतींची पद्धत. ली जे-मा (१८३७–१९००) यांनी ती १८९४ साली लिहून मांडली. थेयांगिन, सोयांगिन, थेउमिन आणि सोउमिन असे चार प्रकार. त्यांच्या अंदाजाने दहा हजार वस्तीच्या गावात पाच हजार थेउमिन, तीन हजार सोयांगिन, दोन हजार सोउमिन आणि थेयांगिन मोजून तीन-चार किंवा फार तर दहा. ली जे-मा स्वतःला त्या दहांतले मानत, आणि सहा-सात वर्षं आपल्याला फेसाळ उलट्यांचा विकार होता, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पचनाचा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

या पद्धतीतला सगळ्यात उपयोगी भाग असा, की प्रकृती चांगली आहे हे ओळखायची खूण प्रत्येकाची वेगळी आहे. थेउमिनला घाम मोकळा येतो का ते बघा, सोयांगिनला शौच साफ होतं का, थेयांगिनला लघवी भरपूर होते का, आणि सोउमिनला अन्न पचतं का. सोउमिनची बी जन्मतःच लहान मानली आहे. म्हणून त्याची भूक गेली तर तो आजाराचा पहिला इशारा. थेउमिन मात्र आजारातही जेवत राहू शकतो. त्याच्याकडे भुकेवरून तब्येत जोखणं फसवं ठरतं. प्रकृती ठरवायला बांधा, बोलणं-वागणं आणि निरोगी असतानाच्या सवयी बघतात. इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीवर विसंबू नये, कारण आजारी माणूस आजारातली सवयच आपली सवय म्हणून लिहितो.

आता पोटातले निरोपे

शरीरातला पहिला हार्मोन सापडला तोच मुळी आतड्यात. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांना सिक्रेटिन मिळालं. भुकेच्या गोष्टीत मात्र सहा नावं पुरतात.

घ्रेलिन हे भूक वाढवणारं. ते १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी उंदरांच्या जठरातून शोधलं. २८ अमिनो आम्लांची साखळी आणि तिच्या तिसऱ्या कडीला चिकटलेला एक छोटा स्निग्ध तुकडा. तो तुकडा असेल तरच घ्रेलिन आपल्या ग्राहकावर, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरवर, बसतं आणि भूक चेतवतं. जठराच्या वरच्या भागातल्या पेशी ते तयार करतात, जेवणाआधी त्याची पातळी चढते आणि जेवल्यावर उतरते. ते जेवणाच्या सवयीच्या वेळाही शिकतं. रोज एकला जेवणाऱ्याला एकलाच भूक का लागते, त्याचं एक कारण हे.

मोटिलिन सफाई कामगार आहे. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. पोटात कावळे ओरडतात ते बहुतेक याच वेळी. मधेमधे काहीतरी तोंडात टाकत राहिलं, की ही लाट सुरूच होत नाही. दिवसभर चरणाऱ्या माणसाला खरी भूक का लागत नाही, याचं उत्तर इथे आहे.

कोलेसिस्टोकायनिन लहान आतड्याच्या सुरुवातीला तयार होतं. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं तिथे पोचली की ते पित्ताशय पिळतं, जठराचा दरवाजा आवळतं आणि मेंदूला "पुरे" सांगतं. जीएलपी-१ आणि पीवायवाय हे मुख्यतः आतड्याच्या खालच्या भागातून येतात आणि तृप्ती लांबवतात. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं मोडतं. सहावं लेप्टिन. ते पोटातून नाही, चरबीतून येतं आणि आठवड्या-महिन्यांचा हिशेब ठेवतं.

एका जेवणावर हे बघू. रात्री दहाला साम्ग्योप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस, वर सोजू ही कोरियन दारू आणि शेवटी भात. ९०० कॅलरी सहज होतात. जठर आपल्या मर्जीने रिकामं होत नाही. आतडं त्याला मिनिटाला साधारण दोन-तीन कॅलरीच पुढे सोडू देतं. भागाकार केला तर हिशेब सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे पहाटे चारपर्यंत जठर भरलेलं, माणूस आडवा, कोलेसिस्टोकायनिनचा दरवाजा आवळलेला आणि मोटिलिनची लाट थांबलेली. सकाळी हा माणूस न्याहारीला नाही म्हणतो, जिभेवर थर असतो, ढेकर आंबूस असते. हानुइसा याला शिकजॉक म्हणेल. इथे दोन्ही भाषा जवळजवळ एकच गोष्ट सांगतात.

बीच्या दुर्बलतेचंही तसंच. घास गिळला की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. ही जागा झाली नाही, तर चार घासांत पोट भरतं. आधुनिक वैद्यकात याला जेवणोत्तर त्रासाचं अपचन म्हणतात. पचनविकार ठरवण्याच्या २०१६च्या रोम निकषांप्रमाणे त्रास आठवड्यातून किमान तीन दिवस, गेले तीन महिने सतत आणि सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते, आणि एंडोस्कोपीत कारण सापडलेलं नसावं लागतं. जठराच्या कोरडेपणाच्या ठेवणीत भूक असते आणि इच्छा नसते. भूक जाणवणं आणि खावंसं वाटणं हे मेंदूतही पूर्णपणे एकच नाही, हे आता माहीत आहे.

जिथे जुळत नाही

इथून पुढे सांभाळून चालावं लागतं. घ्रेलिन कमी म्हणजे बी दुर्बल, असं समीकरण मांडायचा मोह होतो. ते चूक आहे. घ्रेलिन लठ्ठ माणसात कमी असतं आणि खंगलेल्या माणसात वाढलेलं असतं. खंगलेल्याला घ्रेलिन वाढूनही भूक नसते. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूमुळे ते घटतं. चार तासांच्या झोपेच्या दोनच रात्रींनी ते २८ टक्के वाढल्याचं २००४च्या एका छोट्या प्रयोगात दिसलं, ज्यात १२ निरोगी तरुण होते. एका आकड्यामागे इतकी कारणं असतील, तर त्यावरून ठेवण ठरत नाही. कोरियातही असं रक्त तपासून बीची दुर्बलता ठरवत नाहीत.

शिवाय हा आकडा मिळवणंच अवघड आहे. स्निग्ध तुकडा असलेलं कामाचं घ्रेलिन एकूण घ्रेलिनच्या थोड्याच हिश्शाचं असतं, आणि रक्त नळीत गेल्याबरोबर तो तुकडा गळायला लागतो. म्हणून उपाशीपोटी, सकाळी ठरलेल्या वेळी रक्त घ्यावं लागतं, नळीत आधीच विकररोधक, म्हणजे एन्झाइमना थोपवणारं रसायन, असावं लागतं, नळी बर्फात ठेवून लगेच थंडीतच फिरवावी लागते आणि वरचं द्रव आम्ल घालून गोठवावं लागतं. नळी अर्धा-पाऊण तास टेबलावर राहिली, तर रुग्णाची भूक तीच, पण कागदावरचं घ्रेलिन घसरलेलं. जीएलपी-१साठी वेगळा रोधक लागतो. कुठल्या प्रयोगशाळेने "भुकेच्या हार्मोनचं पॅकेज" विकायला ठेवलं, तर नळी कुठली आणि बर्फ आहे का, एवढं जरूर विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत, जी २०२२च्या जानेवारीपासून लागू आहे, २६व्या प्रकरणात पूर्व आशियाई पारंपरिक निदानांना जागा आहे. त्यात बीच्या दुर्बलतेलाही सांकेतिक क्रमांक मिळाला आहे. याचा अर्थ नोंद एकसारखी करता येईल, एवढाच. निदान सिद्ध झालं, असा तो शिक्का नाही.

सहा सज्जन

दोन्ही जगं सगळ्यात जवळ येतात ती एका काढ्यात. नाव युक्कुन्जाथांग, म्हणजे सहा सज्जनांचा काढा. जिन्सेंग, बेकचुल नावाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी बोंगन्योंग नावाची बुरशी आणि ज्येष्ठमध हे चार सज्जन, त्यात बान्हा हा कंद आणि चिनपी, म्हणजे जुनी वाळवलेली संत्र्याच्या जातीची साल, मिळून सहा. आलं आणि लाल खजुरी बोरंही पडतात, पण त्यांची गणती सज्जनांत नाही. चिनपीच्या नावातच 'जुनी' हा अर्थ आहे. बान्हा कच्चा चालत नाही. तो घशाला भयंकर खाजवतो, म्हणून आल्याबरोबर प्रक्रिया करूनच वापरतात.

हाच काढा जपानमध्ये रिक्कुन्शितो नावाने मिळतो. २००८ साली जपानी संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाने पडलेलं घ्रेलिन आणि मेलेली भूक या काढ्याने सावरते. मार्ग असा: सिस्प्लॅटिनमुळे सेरोटोनिन उसळतं, ते आपल्या ठरावीक ग्राहकांवर बसून घ्रेलिन दाबतं, आणि सालीतले फ्लेवोनॉइड ते ग्राहक अडवतात. माणसांवरच्या अपचनाच्या चाचण्यांत फायदा दिसला, पण माफक. हे उत्साहाने सांगण्यासारखं आहे, पण यातून एका काढ्याचं एक काम उलगडतं, सगळी निदानपद्धती सिद्ध होत नाही.

शिकजॉकमध्ये हा काढा देत नाहीत. तिथे बेकचुलच्या जवळची चांगचुल, मॅग्नोलियाची साल आणि चिनपी असलेलं फ्योंगवीसान देतात, कारण आधी साचलेलं मोकळं करायचं असतं. गच्च पोटावर जिन्सेंग दिलं की आणखी जड होतं. घरगुती चूक बहुधा हीच होते: मूल जेवत नाही म्हणून टॉनिक, तेही भरल्या पोटावर.

दुसरं टोक वजन कमी करण्याच्या काढ्यांचं. थेउमिन प्रकृतीसाठीच्या थेउमजोवीथांगमध्ये माह्वांग ही वनस्पती असते. त्यातलं इफेड्रिन भूक मारतं, पण ते हार्मोन सावरून नव्हे. ते सरळ शरीराला "पळ" असा इशारा देतं. छाती धडधडणं, झोप उडणं, रक्तदाब चढणं हे त्याचे परिणाम. अमेरिकेने २००४ साली माह्वांग असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं किंवा गर्भारपण असेल, तर याच्या वाटेला जाऊ नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतलं तर पोटॅशियम घटतं, पाय सुजतात, दाब वाढतो. जिन्सेंग आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन एकत्र घेत असाल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय चालणार नाही.

अलीकडे एक नवीन घोळ झालाय. सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ची नक्कल करणारं औषध. ते दोन मिनिटांऐवजी साधारण आठवडाभर टिकतं, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. ते घेणाऱ्याला भूक नसते, चार घासांत पोट भरतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, आंबूस ढेकर येते. हाच माणूस इंजेक्शनचं न सांगता वैद्याकडे गेला, तर दुर्बलता आणि साचलेलं अन्न दोन्ही एकदम दिसतील, आणि दोन्ही औषधाची देणगी असतील. मेटफॉर्मिन, ओपिऑइड वेदनाशामकं आणि काही नैराश्यविरोधी गोळ्याही भूक आणि पचन बदलतात.

काही खुणांना ठेवणीत बसवत बसू नये. प्रयत्नाशिवाय वजन घटणं, गिळताना अडकणं, काळं शौच, रक्ताची उलटी, पंडुरोग, किंवा चाळिशीनंतर नव्यानेच भूक जाणं. कोरियात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जगात वरच्या क्रमांकांत आहे, म्हणून तिथे चाळिशीपासून दर दोन वर्षांनी एंडोस्कोपी राष्ट्रीय तपासणी योजनेत असते. सतत भूक, तहान आणि उतरणारं वजन असेल, तर आधी साखर आणि थायरॉइड तपासा. जुन्या कोरियन वैद्यांनी या खुणांना सोगाल हे वेगळं नाव दिलं होतं, आणि त्यातल्या भरपूर खाऊनही वाळत जाणाऱ्या माणसाचं वर्णन वाचलं की मधुमेहाचा रुग्णच समोर उभा राहतो.

हानुइसाकडे, आयुर्वेदाच्या वैद्याकडे किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे, कुठेही जा, जाण्याआधी सात दिवसांची वही करा. प्रत्येक जेवणाआधी भूक शून्य ते दहात. खायची इच्छा वेगळ्या रकान्यात, तीही शून्य ते दहात. किती वाट्या गेल्या आणि हात कशामुळे थांबला. अर्ध्या तासाने आणि तीन तासांनी पोट कसं होतं. ढेकर, शौच, रात्री किती वाजता शेवटचं खाल्लं, किती तास झोप. मधल्या वेळेत चहाबरोबर गेलेलं बिस्कीटही लिहा, कारण मोटिलिनच्या दृष्टीने तेही जेवणच. शेवटच्या पानावर चालू असलेलं प्रत्येक औषध, इंजेक्शन आणि काढा, मात्रेसकट.